लैंगिक गुन्हेगार रजिस्ट्रीचा कायदा बदलून घ्यायचा असेल तर: अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळात काम कसं करावं

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बऱ्याच जणांचं नाव, फोटो, पत्ता आणि गुन्ह्याचं कलम सरकारी संकेतस्थळावर टाकलं जातं. तिथे सगळे याला रजिस्ट्री म्हणतात. सराईत बलात्कारी, पंधरा वर्षांच्या मैत्रिणीशी संबंध ठेवलेला एकोणीस वर्षांचा तरुण आणि चौदाव्या वर्षी घरातल्या लहान भावंडाशी गैर वागलेला मुलगा, काही राज्यांत हे तिघंही एकाच यादीत असतात, आणि कित्येकदा जन्मभर. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आला आणि त्याची दुरुस्तीही मुलांच्या रक्षणासाठीच मागायची. पहिल्या भेटीपासून शेवटच्या मतदानापर्यंत हे सूत्र सोडू नका. यादीतल्यांवर अन्याय होतो हे खरं आहे, पण तेवढं ऐकून आमदार आपलं मत पणाला लावत नाही. खऱ्या धोक्याच्या माणसावर नजर ठेवायला पोलिसांना आत्ताच्या यादीमुळे वेळ मिळत नाही, हे पटलं तर तो विचार करतो.

कायदा कुठे बदलतो

केंद्राचे तीन कायदे माहीत हवेत. १९९४ च्या वेटरलिंग कायद्याने राज्यांना यादी ठेवायला लावली. १९९६ च्या मेगन्स लॉने ती लोकांसमोर आणली. २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने तीन श्रेण्या पाडल्या: १५ वर्षं, २५ वर्षं आणि आजन्म, आणि त्यानुसार वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी किंवा तीन महिन्यांनी स्वतः हजेरी. पण यादीत कोण येणार, काय जाहीर होणार आणि बाहेर कसं पडायचं हे शेवटी राज्याचा कायदा ठरवतो. म्हणून काम राज्याच्या राजधानीत करायचं.

समितीत पहिला आक्षेप हमखास येतो: ‘असा बदल केला तर केंद्राचा निधी जाईल.’ अ‍ॅडम वॉल्श कायदा न पाळल्याचा दंड म्हणजे पोलिसी कामासाठीच्या बर्न जॅग अनुदानातली १० टक्के कपात. अर्ध्याहून अधिक राज्यं आजही त्या कायद्याच्या कसोटीत पूर्ण बसत नाहीत, तरी त्यांचा कारभार चालू आहे. आपल्या राज्याला हे अनुदान किती मिळतं ते शोधा, त्याचे १० टक्के काढा आणि शेजारी रजिस्ट्री चालवायचा वार्षिक खर्च लिहा. हे दोन आकडे एका कागदावर तयार असले की हा आक्षेप तिथल्या तिथे निकालात निघतो.

त्याआधी राज्याचा कायदा मुळातून वाचा. कुणी केलेला सारांश पुरेसा नाही. चार गोष्टी वहीत उतरवा: कोणत्या कलमांखाली नोंदणी लागते, किती काळ, काय सार्वजनिक होतं आणि बाहेर पडायचा मार्ग आहे का. पाचवी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे शहराचे आणि काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, स्थानिक नियम. शाळा-बागांपासून अमुक फूट अंतरात राहायला बंदी असे नियम पुष्कळदा तिथे दडलेले असतात. राज्याने कायदा सैल केला तरी शहराचा नियम तसाच उरतो. त्यामुळे स्थानिक संस्थांना राज्यापेक्षा कडक नियम करता येणार नाहीत, असं वाक्य विधेयकातच घालून घ्यावं लागतं.

मागणी एकच ठेवा, आणि कलमाच्या भाषेत

‘रजिस्ट्री रद्द करा’ हे तत्त्व म्हणून कुणाला पटत असेल, पण विधेयक म्हणून ते पहिल्या समितीतच संपतं. सगळ्यात आधी पदरात पडू शकतात त्या दोन मागण्या: गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेल्यांना सार्वजनिक यादीतून काढणं, आणि ठरावीक वर्षं निर्वेध गेल्यावर न्यायालयात अर्ज करून बाहेर पडायची सोय. राहण्याच्या अंतराची बंदी उठवणं त्याहून अवघड, पण त्यासाठी पुरावा भक्कम आहे. यादी फक्त पोलिसांपुरती ठेवावी ही मागणी सध्या दूरची आहे. ती ठरावात मांडत राहा, विधेयकात घालू नका.

श्रेणीबद्ध यादी मागताना मात्र जपून. श्रेणी माणसाच्या प्रत्यक्ष धोक्यावर ठरते की नुसत्या कलमावर, यावर सगळं अवलंबून आहे. ओहायोने अ‍ॅडम वॉल्श कायद्याप्रमाणे कलमावर श्रेण्या पाडल्या, तेव्हा दहा वर्षांची नोंदणी संपत आलेली माणसं २५ वर्षांत किंवा आजन्म गटात ढकलली गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बॉडाइक आणि २०११ मध्ये विल्यम्स खटल्यात हे रोखलं, पण तोवर वर्षं गेली होती. म्हणून मसुद्यात तीन गोष्टी शोधा. आधीपासून यादीत असलेल्यांची मुदत वाढणार नाही असं स्पष्ट लिहिलंय का? आधी भरलेली वर्षं मोजली जाणार का? आणि अर्ज मंजूर करण्याबद्दल ‘शॅल’ आहे की ‘मे’? निकष पूर्ण झाल्यावर न्यायाधीशाने अर्ज मंजूर केलाच पाहिजे, की करता येईल, हा फरक त्या एका शब्दात असतो. विरोधक तडजोड म्हणून नेमका तोच शब्द बदलून मागतात.

आकडे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

या विषयातला सगळ्यात महागात पडलेला आकडा ‘८० टक्के’ हा आहे. उपचार न घेतलेले ८० टक्क्यांपर्यंत लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करतात, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या मॅकून विरुद्ध लाइल निकालात उद्धृत केलं आणि त्या धोक्याला ‘भयावह आणि मोठा’ म्हटलं. पुढच्याच वर्षी स्मिथ विरुद्ध डो खटल्यात रजिस्ट्री ही शिक्षा नसून नागरी नियमन आहे असं ठरवताना तेच शब्द पुन्हा आले. हा आकडा कुठून आला याचा माग २०१५ मध्ये आयरा आणि टॅरा एलमन यांनी काढला. त्याचं मूळ १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखात निघालं. तुरुंगात उपचार कार्यक्रम चालवणाऱ्या समुपदेशकाचं ते विधान होतं आणि त्यामागे कसलाही अभ्यास नव्हता. समितीत कुणी हा आकडा फेकला, तर चिडू नका. हा इतिहास तीन वाक्यांत सांगा आणि खरा आकडा ठेवा.

खरा आकडा केंद्रीय न्याय सांख्यिकी विभागाचा. २००५ मध्ये राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षं मागोवा घेऊन २०१९ मध्ये त्यांनी अहवाल काढला. लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांना पुन्हा बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्याच्या आरोपाखाली अटक झाली. याची दुसरी बाजूही तुम्हीच सांगा: इतर कैद्यांत हे प्रमाण २.३ टक्के होतं, म्हणजे या गटात ते तिपटीहून जास्त. शिवाय अटक म्हणजे उघडकीला आलेला गुन्हा, आणि कितीतरी गुन्ह्यांची तक्रारच होत नाही. हे तुम्ही दडवलं आणि समोरच्याने काढलं, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही आधी सांगितलं, तर पुढचा मुद्दा ऐकला जातो.

तो पुढचा मुद्दा काळाचा. कार्ल हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की सुरुवातीला उच्च धोक्याच्या गटात असलेल्यांत पहिल्या पाच वर्षांतलं पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण साधारण २२ टक्के होतं, पण समाजात दहा वर्षं लैंगिक गुन्ह्याविना काढलेल्यांत ते सुमारे ४ टक्क्यांवर आलं. आजन्म नोंदणीविरुद्ध याहून चांगला युक्तिवाद नाही. सुरुवातीच्या वर्षांत कडक देखरेख ठेवा आणि नंतर देखरेखीवरचे पोलीस नव्या धोक्यांकडे वळवा, असं पोलीस अधिकाऱ्यालाही मान्य होईल अशा भाषेत तो मांडता येतो.

अंतराच्या बंदीसाठी मिनेसोटाच्या तुरुंग विभागाचा २००७ चा अभ्यास वापरा. पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणं त्यांनी एकेक करून तपासली आणि राहण्याच्या बंदीमुळे टळला असता असा एकही गुन्हा सापडला नाही. कारण साधं आहे. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अल्पवयीनांवरच्या लैंगिक हल्ल्यांत, न्याय सांख्यिकी विभागाच्या २००० च्या अहवालानुसार, अनोळखी आरोपी फक्त ७ टक्के होते. बाकीचे घरचे किंवा ओळखीचे. बंदीने जे होतं ते मायामीत दिसलं. तिथल्या २,५०० फुटांच्या नियमामुळे घर न मिळालेली माणसं ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहिली, आणि २०१० मध्ये ती वस्ती उठेपर्यंत पोलिसांच्या नोंदीत त्यांचा पत्ता ‘पूल’ असा होता.

मुलांच्या बाबतीत एलिझाबेथ लेटर्नो यांच्या गटाचा २०१८ चा अभ्यास जवळ ठेवा. नोंदणी झालेल्या मुलांनी गेल्या तीस दिवसांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, तशाच पण नोंदणी नसलेल्या मुलांच्या चौपट आढळलं. एखाद्या प्रौढाने लैंगिक हेतूने गाठल्याचं प्रमाण तर जवळपास पाचपट. मुलांच्या रक्षणासाठी केलेली यादी मुलांनाच सावज करते, हे इथे आकड्यात दिसतं. असं वाक्य एकदाच म्हणा आणि थांबा, त्यावर भाषण नको.

एक मात्र करू नका: ‘रजिस्ट्रीचा काहीच उपयोग नाही’ असं म्हणू नका. प्रेस्कॉट आणि रॉकऑफ यांच्या २०११ च्या अभ्यासात पोलिसांकडच्या नोंदणीमुळे काही गुन्हे कमी झाल्याचं दिसतं, विशेषतः ओळखीच्या लोकांवरचे, तर सार्वजनिक प्रसिद्धीमुळे नोंदलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा वाढल्याची चिन्हं दिसतात. यादी हवी, पण ती पोलिसांच्या हातात हवी, अशी तुमची बाजू यातून उभी राहते.

सोबत कोणाला घ्यायचं

कुटुंबीयांचं बळ मोठं असतं, पण समितीला त्यांचा हितसंबंध दिसतो. ज्यांच्याकडून ही मागणी अपेक्षित नाही अशी माणसं आणा. कॅलिफोर्नियात १९४७ पासून रजिस्ट्री होती आणि सगळ्यांना आजन्म लागू होती. तिथे २०१७ मध्ये त्याऐवजी मुदतीच्या श्रेण्या आणणारा बदल शक्य झाला तो लॉस एंजेलिस काउंटीचं सरकारी वकील कार्यालय आणि राज्याचंच लैंगिक गुन्हेगार व्यवस्थापन मंडळ पाठीशी उभं राहिल्यामुळे. आयोवात २,००० फुटांच्या बंदीविरुद्ध २००६ मध्ये काउंटी वकिलांच्या संघटनेने निवेदन काढलं: बंदीमुळे रक्षण होत असल्याचा पुरावा नाही, उलट कबुलीजबाब आणि तडजोडीचे निकाल कमी झाले. २००९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती बंदी आकुंचित केली. ज्यांच्या मुलाच्या नावाने पहिला केंद्रीय कायदा झाला त्या पॅटी वेटरलिंग यांनीही रजिस्ट्री फार फैलावल्याचं अनेकदा जाहीरपणे म्हटलं आहे.

पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे विधेयक दाखल होण्याआधी जा, नंतर नाही. त्यांच्याकडून पाठिंबा मागू नका. मसुदा दाखवा आणि काय खटकतं ते विचारा. पीडितेला अर्जाची पूर्वसूचना मिळावी, सुनावणीत बोलता यावं अशा अटी त्या सुचवतात आणि त्या रास्त असतात. त्यांनी तटस्थ राहायचं ठरवलं तरी तुमचं निम्मं काम झालं. ज्या स्त्रिया आणि मुलं या गुन्ह्यांतून गेली आहेत त्यांच्याबद्दल तुमच्या बैठकीत, ईमेलमध्ये, कुठेही एक उणा शब्द आला तर मोहीम तिथेच संपते, आणि ते योग्यच आहे.

आमदाराच्या कार्यालयापासून समितीपर्यंत

कॅलेंडर आधी बघा. टेक्साससारख्या राज्यात नियमित अधिवेशन विषम वर्षी जानेवारीत सुरू होऊन १४० दिवसांत संपतं. चुकलं की दोन वर्षं थांबा. कॅलिफोर्नियात विधेयक दाखल करायची मुदत फेब्रुवारीत संपते. म्हणजे आमदाराला पटवायचं काम उन्हाळ्यात आणि पानगळीत, त्याच्या मतदारसंघातल्या कार्यालयात करायचं. पंधरा मिनिटं मिळतील आणि बहुधा सहायकाशीच बोलणं होईल. त्याला कमी लेखू नका, मसुदा तोच वाचतो. एक पान द्या: वर सध्याचं कलम, त्याखाली हवी ती दुरुस्ती, मग तीन आकडे, एक खर्चाचा आकडा, दोन फोन नंबर. पाठपुराव्याचा ईमेल त्याच दिवशी.

समितीतली साक्ष दोन ते तीन मिनिटांची असते. कॅलिफोर्नियात साधारणपणे प्रत्येक बाजूचे दोन मुख्य साक्षीदार बोलतात. बाकीच्यांनी माइकपाशी येऊन नाव, संस्था आणि ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’ एवढंच सांगायचं. दोन मिनिटांत इंग्रजीचे अडीचशेच्या आसपास शब्द नीट बोलता येतात. त्यांची वाटणी अशी करा. पहिल्या तीस शब्दांत नाव, गाव आणि विधेयकाचा क्रमांक. पुढच्या साठात हे विधेयक काय करतं आणि काय करत नाही. मग एकच गोष्ट: उदाहरणार्थ, अधिकारी वर्षभर ज्यांच्या हजेऱ्या घेण्यात गुंततात त्यांपैकी कितींना वीस वर्षांत नवा गुन्हा नाही. त्यानंतर एक आकडा आणि शेवटी विनंती. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. लेखी निवेदन लांब असू शकतं, पण ते समितीच्या मुदतीत पोचलं तरच समितीने तयार केलेल्या विधेयकाच्या विश्लेषणात तुमचं नाव येतं.

नोंदणीत असलेल्या माणसाने स्वतः साक्ष द्यावी का? आधी त्याच्या वकिलाला विचारा. पॅरोल किंवा प्रोबेशनच्या अटी, प्रवासाचे नियम, दुसऱ्या राज्यात काही दिवस राहिलं तर तिथे नोंदणी लागते का, हे सगळं तपासा. फ्लोरिडात वर्षभरात एकूण तीन दिवस झाले तरी नोंदणीचा प्रश्न येतो. साक्षीचं चित्रीकरण इंटरनेटवर कायम राहतं आणि पत्रंही सार्वजनिक होतात. मुलांची नावं, शाळा, घरचा पत्ता यांतलं काही जाता कामा नये. पीडित घरातलीच असेल तर आईच्या साक्षीतूनही तिची ओळख उघडी पडते. अशा वेळी त्या कुटुंबाने बोलूच नये.

मतं मिळूनही विधेयक खर्चाच्या समितीत अडकू शकतं. कॅलिफोर्नियाचं आजन्म नोंदणीऐवजी श्रेण्या आणणारं एसबी ४२१ (एसबी म्हणजे सिनेटचं विधेयक) २०१७ मध्ये असंच तिथे थांबलं. मग सिनेटर स्कॉट वीनर यांनी आपल्याच दुसऱ्या विधेयकातला, बार उशिरापर्यंत उघडे ठेवण्याबद्दलचा मजकूर काढून टाकला आणि त्यात हा मजकूर घातला. तेच एसबी ३८४. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत ते मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. विधेयकाने सरकारला किती खर्च येईल हे सांगणाऱ्या टिपणीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या: संगणक यंत्रणा बदलायला किती, अर्ज हाताळायला किती, आणि हजेऱ्या कमी झाल्याने किती वाचणार. वाचणारा पैसा टिपणीत आपोआप येत नाही. तो शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाकडून लेखी मिळवून तुम्हालाच पोचवावा लागतो.

कोर्टाचा निकाल आला की दार उघडतं. मिशिगनमध्ये २०१६ च्या डो विरुद्ध स्नायडर निकालानंतर विधिमंडळाला हलावं लागलं आणि २०२१ पासून शाळांभोवतीच्या १,००० फुटांच्या बंदीचं कलम गेलं. साउथ कॅरोलिनात २०२१ मध्ये पॉवेल विरुद्ध कील निकालाने फेरविचाराविना आजन्म नोंदणी घटनाबाह्य ठरली आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला. असा खटला तुमच्या राज्यात चालू असेल तर निकालाआधीच मसुदा तयार ठेवा. नाहीतर घाईघाईत ज्याचा मसुदा टेबलावर असेल त्याचाच कायदा होतो.

मराठी मंडळींसाठी दोन-तीन गोष्टी

नागरिकत्व नसलं तरी आमदाराला भेटता येतं, पत्र लिहिता येतं, साक्ष देता येते. निवडणुकीच्या प्रचाराला पैसे मात्र फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकच देऊ शकतात, एच-१बी वर असलेल्याने देऊ नयेत. महाराष्ट्र मंडळासारखी ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी, संस्था विधेयकाला पाठिंबा देऊ शकते, पण मर्यादेत. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) चा पर्याय घेतला तर पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगला परवानगी मिळते. उमेदवाराला पाठिंबा देणं पूर्ण वर्ज्य. कुटुंबाने हेही जाणावं की अल्पवयीनाविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या नागरिकाला अ‍ॅडम वॉल्श कायद्यामुळे पत्नीसाठी किंवा आईवडिलांसाठी इमिग्रेशनचा अर्ज करणं जवळपास अशक्य होतं. तो केंद्राचा नियम आहे, राज्यातल्या विजयाने सुटत नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो आणि तो फक्त तपास यंत्रणांनाच दिसतो. एखाद्या भीषण घटनेनंतर तो सर्वांसाठी खुला करा अशी मागणी उठली, तर अमेरिकेचा हा अनुभव इथल्या आमदार-खासदारांपुढे ठेवा. अल्पवयीनांसाठी बाल न्याय कायद्याचं २४ वं कलम आधीच सांगतं की दोषी ठरल्यामुळे मूल अपात्र होत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या. सोळा वर्षांवरच्या मुलांवर जघन्य गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला तर हे संरक्षण मिळत नाही, हा अपवादही लक्षात ठेवा.

कायदा झाल्यावर

एसबी ३८४ मंजूर झालं २०१७ मध्ये, लागू झालं १ जानेवारी २०२१ ला आणि अर्ज घ्यायला सुरुवात झाली त्या वर्षीच्या १ जुलैपासून. १०, २० वर्षं आणि आजन्म अशा श्रेण्या आल्या, पण मुदत संपली म्हणून नाव आपोआप गळत नाही. मुदत पूर्ण झाल्यानंतरच्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर आपल्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात सीआर-४१५ हा फॉर्म भरावा लागतो आणि त्याची प्रत सरकारी वकिलाला व नोंदणी ठेवणाऱ्या पोलीस खात्याला रीतसर पोचवावी लागते. अर्ज किरकोळ वाटणाऱ्या कारणांनीही अडकू शकतो: मधल्या काळात एखादी हजेरी चुकलेली, पत्ता बदलल्याची नोंद उशिरा केलेली, प्रत पोचवल्याचा पुरावा जोडलेला नाही. म्हणून विधेयक पास झाल्याच्या आठवड्यातच दोन गोष्टी हाती घ्या: सोप्या भाषेतलं एक पत्रक, आणि फुकट अर्ज भरून देणाऱ्या वकिलांची काउंटीवार यादी.